टीकेक करायचा तो उद्या भाजायला

तुम्ही लिहिलंय की लेकीकडे इंग्लंडमध्ये, लीड्सला दोन महिने राहून आलात, तिथल्या कॅफेत भाजून लोणी लावलेला मनुकांचा टीकेक खाल्लात आणि ठाण्याला परतल्यावर तो तीनदा करून पाहिलात. पहिल्यांदा सरळ केकच झाला. दुसऱ्यांदा यीस्ट घातलं, तर विटेसारखा घट्ट. तिसऱ्यांदा फुगला छान, पण वरच्या मनुका जळून कडू झाल्या आणि चवीला ‘नुसता गोड पाव’ लागला. घरात अंडं चालत नाही, मैदा वाण्याकडचा सुटा, आणि भट्टी म्हणजे ओटीजी, म्हणजे विजेचा छोटा ओव्हन.

शेवटच्या खेपेपासून सुरुवात करते. जळक्या मनुका सोडल्या तर तो तिसरा टीकेक बिघडलेला नसावा. तुम्ही तो भट्टीतून काढून गरम गरम खाल्लात, तिथे गडबड झाली. ताजा टीकेक नुसता गोड पावच लागतो, कारण तो नुसता गोड पावच असतो. तुम्ही लीड्सला खाल्लात तो कालचा, आडवा कापून, कापलेल्या बाजू खरपूस भाजून, वर खारं लोणी विरघळलेला होता. टीकेक दोनदा भाजायचा पदार्थ आहे आणि पहिली भाजणी ही दुसरीची तयारी. मैदा, साखर, जाडी, रंग, वर काय लावायचं, सगळं या एका गोष्टीवरून ठरतं. पाककृती लिहिणारे हे बहुतेक वेळा सांगत नाहीत, कारण त्यांच्याकडे ते गृहीतच असतं.

लीड्स ज्या वेस्ट यॉर्कशायरमध्ये आहे तिथेच, हडर्सफील्डजवळ मी नऊ वर्षं राहिले, त्यातली सहा एका छोट्या बेकरीत पहाटेच्या पाळीला काम केलं. आता नाशिकला घरूनच पाव आणि बन करून विकते. तेव्हा तिथलं पीठ आणि इथलं पीठ, दोन्हींशी झगडून झालंय.

आधी नावाचा घोळ निस्तरू, कारण तुमची पहिली खेप त्यातच फसली असणार. वेस्ट यॉर्कशायरमध्ये ‘टीकेक’ म्हणजे साधा, गोल, मनुका नसलेला पाव. सॅण्डविच त्यातच देतात. मनुका असलेला हवा असेल तर ‘करंट टीकेक’ किंवा ‘फ्रूट टीकेक’ म्हणायचं. माझ्या पहिल्याच आठवड्यात एका गिऱ्हाइकाने ‘बेकन टीकेक’ मागितला आणि मी इमानदारीत मनुकांच्या टीकेकमध्ये बेकन भरून दिला. त्याने उघडून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, ‘थँक्यू, लव्ह’ म्हणाला आणि तसाच खाल्ला. बेकरीत पुढे वर्षभर मला त्यावरून चिडवत होते. तिथून दक्षिणेला गेलात की मात्र टीकेक म्हटलं की मनुका आल्याच. आणि उत्तरेला स्कॉटलंडमध्ये शिरलात तर टीकेक म्हणजे तिसरंच काही: बिस्किटावर मार्शमॅलोचा घुमट आणि त्यावर चॉकलेट. ग्लासगोजवळच्या टनॉक्स कंपनीचा हा टीकेक १९५६ पासूनचा. असल्याच चॉकलेटी टीकेकवरून मार्क्स अँड स्पेन्सर आणि सरकारी करखातं यांच्यात वर्षानुवर्षं खटला चालला होता. तिथे केकवर व्हॅट नाही, चॉकलेट लावलेल्या बिस्किटावर आहे. १९७३ ते १९९४ हा माल बिस्किट धरून कर घेतला गेला, मग तो केक असल्याचं मान्य झालं, आणि परताव्याचं भांडण थेट युरोपीय न्यायालयापर्यंत गेलं. अमेरिकेच्या दक्षिणेत तर टी केक म्हणजे जाडसर, मऊ कुकी. आपल्याकडे ‘टी केक’ म्हटलं की बेकरीवाला चहाबरोबरचा साधा लोफ केक देतो.

तुम्ही पहिल्यांदा केलात तो बहुधा ‘टी लोफ’ असावा. त्यात सुका मेवा रात्रभर कोऱ्या चहात भिजवतात, बेकिंग पावडर घालतात आणि लांबट साच्यात भाजतात. वेल्समधला बारा ब्रिथ त्याच कुळातला. (त्याचं जुनं रूप यीस्टचं, हल्ली बरेच जण बेकिंग पावडरचंच करतात.) पदार्थ उत्तम आहे, पण तुम्हाला हवा तो नाही. तुम्हाला हवा तो यीस्टचा पाव. पाककृतीत बेकिंग पावडर दिसली की पान उलटा.

आता मैदा. तिथे टीकेकला ‘स्ट्राँग’ पीठ वापरतात, म्हणजे १०० ग्रॅममागे साधारण १२ ते १३ ग्रॅम प्रथिनं असलेलं. आपला मैदा बहुधा १० ते ११ च्या घरात असतो. पाकिटावर पोषणमूल्यांचा तक्ता असतो तिथे आकडा बघा, सुट्या मैद्याला तोही आधार नाही. प्रथिनं कमी म्हणजे ग्लुटेन (पिठाला चिवट, लवचीक करणारं गव्हातलं प्रथिन) कमी, आणि लोणी, साखर, मनुका असलं ओझं उचलायला जाळं अशक्त. यावर दोन उपाय. एक, सुकं ग्लुटेन मिळतं (बेकिंगचं सामान विकणाऱ्या दुकानात ‘व्हायटल व्हीट ग्लुटेन’ म्हणून मागा), ते ५०० ग्रॅम मैद्याला १० ग्रॅम मिसळा. दोन, ते नसेल तर आंबवण (थोडा मैदा, दूध आणि यीस्ट कालवून फुगवलेलं, कृती पुढे आहे) आधी लावा आणि मळायला आळस करू नका. मी दोन्ही करते. ‘कणकेत प्रथिनं जास्त असतात, मग तीच का नको’ असं मला माझ्या बेकिंगच्या वर्गात नेहमी विचारतात. कोंडा ग्लुटेनचं जाळं तोडतो, शिवाय चक्कीचं पीठ पाणी फार पितं. १०० ग्रॅमपर्यंत मिसळा, चव छान येते. त्यापुढे टीकेक राहत नाही.

दहा टीकेकचं प्रमाण, बिनअंड्याचं: मैदा ५०० ग्रॅम, सुकं ग्लुटेन १० ग्रॅम, दूध ३२० मिलिलिटर (यातलं ३० हाताशी राखून ठेवा), साखर ५५ ग्रॅम, लोणी ५० ग्रॅम, मीठ ७ ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ७ ग्रॅम, बेदाणे आणि काळ्या मनुका मिळून १५० ग्रॅम, साखरेत मुरवलेली संत्र्या-मोसंब्याची साल ४० ग्रॅम, मसाला एक सपाट चहाचा चमचा. मीठ ७ लिहिलंय ते खाऱ्या लोण्यासाठी. आपल्या पिवळ्या टेबल बटरच्या ५० ग्रॅममध्ये सुमारे १ ग्रॅम मीठ असतंच. घरचं पांढरं लोणी असेल तर ८ घ्या. तूप वापरायचं तर ४० ग्रॅम पुरे, कारण लोण्यात पाचवा हिस्सा पाणी आणि इतर असतं, तुपात नसतं. यॉर्कशायरमधल्या जुन्या पाककृतींत लोण्याऐवजी लार्ड, म्हणजे डुकराची चरबी असे. त्यामुळे तिकडे प्रवासात जुन्या पद्धतीचा टीकेक घेताना तुमच्यासारख्यांनी विचारून घेतलेलं बरं. अंड्याचं म्हणाल तर काळजी सोडा. कित्येक घरांत टीकेकमध्ये अंडं पडतच नाही. अंड्याने रंग आणि मऊपणा येतो, पण आपण भाजणारच आहोत, तेव्हा रंग तिथे येईल.

साखर ५५ वरून वाढवू नका. तुमच्या दुसऱ्या खेपेत साखर किती होती ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण ‘घरच्यांना गोड आवडतं’ असं लिहिलंय, त्यावरून मला शंका आहे. मैद्याच्या दहा-अकरा टक्क्यांच्या वर साखर गेली की ती यीस्टच्या वाट्याचं पाणी ओढून घेते आणि यीस्ट मंदावतं. शिवाय जास्त साखरेचा पाव दुसऱ्या भाजणीत आधी काळा होतो, मग गरम होतो. गोडवा मनुकांकडून येऊ द्या.

यीस्ट जिवंत आहे का ते आधी पाहा. अर्धी वाटी कोमट पाणी, चमचाभर साखर, चमचाभर यीस्ट, दहा मिनिटांत वर फेस आला पाहिजे. नाही आला तर पाकीट फेकून द्या, भीड धरू नका. आपल्या पावसाळ्यात उघडं पाकीट ओट्यावर राहिलं की महिन्याभरात मरतं. बाटलीत घट्ट झाकण लावून फ्रीजरमध्ये ठेवा. दाणेदार ‘अ‍ॅक्टिव्ह ड्राय’ असेल तर ७ च्या जागी ९ ग्रॅम आणि आधी भिजवून, ओलं यीस्ट असेल तर २० ग्रॅम. दूध कोमट म्हणजे बोटाला जेमतेम ऊब लागेल इतकंच. साठ अंशांच्या आसपास गेलेल्या दुधात यीस्ट मरतं, आणि ‘कोमट’ या शब्दाचा अर्थ आपल्या स्वयंपाकघरात फार सैल आहे. मे महिन्यात मी दूध फ्रीजमधून थेट घेते आणि यीस्ट ५ ग्रॅमवर आणते, नाहीतर पीठ तासाभरात आंबट वासाचं होतं. तिकडे दूध आधी उकळून गार करायला सांगतात, कारण कच्च्या दुधातली काही प्रथिनं पीठ ढिलं करतात. आपल्या घरात दूध तापवल्याशिवाय राहतच नाही, त्यामुळे हे काम आपोआप झालेलं असतं. साय काढून घ्या.

मसाल्यात तिकडचं ‘मिक्स्ड स्पाइस’ असतं: दालचिनी, जायफळ, ऑलस्पाइस (लवंग-दालचिनीच्या वासाचं मिरीसारखं फळ), धणे, लवंग, सुंठ, जायपत्री, घरागणिक कमीजास्त. धणे वाचून दचकू नका, भाजून बारीक केलेल्या धण्यांचा वास यात संत्र्याच्या सालीशी फार छान जमतो. मी अर्धा भाग दालचिनी, पाव भाग धणे आणि उरलेल्यात जायफळ, लवंग, सुंठ घेते. वेलची नाही. वेलची घातली की लगेच आपला श्रीखंड-शिऱ्याचा वास येतो आणि टीकेक हरवतो. मसाला हात राखून. दालचिनीतलं तेल यीस्टला मारक असतं. ‘जरा जास्त वास येऊ दे’ म्हणून दोन चमचे घातले की पीठ बसून राहतं. तुमच्या दुसऱ्या खेपेच्या विटेचं हेही एक कारण असू शकेल.

आता मनुकांकडे येऊ. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण नाशिकला राहून बेदाण्यांबद्दल थोडक्यात बोलणं मला शक्य नाही. तिकडच्या टीकेकमध्ये मुख्यतः दोन प्रकार: सुलताना, म्हणजे फिकट, रसाळ बेदाणा, आणि करंट, म्हणजे मिरीपेक्षा थोडं मोठं, काळं, आंबटगोड फळ. हे करंट म्हणजे बारीक बिनबियांची वाळवलेली द्राक्षंच. ग्रीसमध्ये ‘कोरिंथ’ बंदरावरून जायची म्हणून त्यांना ते नाव पडलं, आणि एकोणिसाव्या शतकात ग्रीसच्या या मालाचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक ब्रिटन होतं. म्हणून तिकडच्या जवळजवळ प्रत्येक बनमध्ये, केकमध्ये, पुडिंगमध्ये करंट सापडतो. आइस्क्रीममधल्या ‘ब्लॅक करंट’शी त्याचा काही संबंध नाही. ते झुडपावरचं वेगळं फळ. आपल्या बाजारात काळ्या मनुकाही कधी कधी ‘ब्लॅक करंट’ म्हणून विकल्या जातात, तेव्हा नावावर जाऊ नका, पाकीट दाबून, डोळ्यांनी पाहून घ्या.

खरे करंट मिळाले नाहीत तर काळे, बिनबियांचे बेदाणे घ्या आणि कात्रीने दोन-तीन तुकडे करा. बियांच्या मनुका नकोत, भाजल्यावर बी दाताखाली लाकडासारखी येते. फिकट बेदाण्यांसाठी मात्र आपल्याला ग्रीस-तुर्कस्तानकडे बघायची गरज नाही. सांगली, तासगाव, नाशिक, हा सगळा पट्टा त्याचाच. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकनही आहे. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवा. आपल्याकडे द्राक्षं वाळवण्याआधी पोटॅशियम कार्बोनेट आणि इथाइल ओलिएट यांच्या द्रावणात बुडवतात. शेतकरी त्याला ‘डिपिंग ऑइल’ म्हणतात. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा जो थर असतो त्यातून पाणी सुटायला वाट होते, आणि शेडमध्ये जाळ्यांवर पंधरवड्यात माल तयार होतो. पिवळेपणासाठी पुढे गंधकाची धुरीही देतात. खाण्याला हे चालतं, पण पिठात जाण्याआधी बेदाणे गरम पाण्याने दोनदा खळखळून धुवावेत. तेलकट बेदाणा पिठाला धरत नाही. कापलं की बाजूला पोकळी दिसते आणि भाजताना तो गळून पडतो.

धुतल्यावर ते गरम कोऱ्या चहात वीस-पंचवीस मिनिटं भिजत घाला. भिजवायचं कारण चव हे नंतरचं. कोरडा बेदाणा पिठातलं पाणी पितो आणि दुसऱ्या दिवशीचा टीकेक त्यामुळे कोरडा होतो. पण मग गाळून, पंच्यावर पसरून, वरून दाबून पुसा आणि निदान तासभर तसेच वाऱ्यावर ठेवा. ओले टाकलेत तर पिठाचा चिखल होतो आणि तुम्ही घाबरून वर मैदा टाकता. मग पुन्हा वीट.

सालीबद्दल: टूटीफ्रूटी ही कच्ची पपई आहे, तिचा इथे उपयोग नाही. नागपुरी संत्र्याची साल पातळ आणि सैल असते, मुरवायला फार जीव नसतो. मोसंबी किंवा किन्नू बरा. पट्ट्या कापून तीन वेळा नव्या पाण्यात पाच-सात मिनिटं उकळायच्या आणि पाणी फेकायचं. कडूपणा त्यातच जातो. मग सालीइतकी साखर, अर्धं पाणी, मंद आचेवर साल काचेसारखी दिसेपर्यंत. गार करून बारीक चिरा. फ्रीजमध्ये महिनोन्‌महिने टिकते. एवढं करायचं नसेल तर एका संत्र्याची साल वरवर किसून पिठात घाला, पांढरा भाग येऊ देऊ नका.

पीठ असं. १५० ग्रॅम मैदा, २०० मिलिलिटर दूध, सगळं यीस्ट आणि चमचाभर साखर कालवून झाकून ठेवा. पाऊण तासात ते वर येऊन जाळीदार होतं आणि मध्ये किंचित खचायला लागतं. इडलीचं पीठ ज्यांनी पाहिलंय त्यांना ही खूण सांगायला नको. जुन्या इंग्रजी घरांतून हे आंबवण लावतच असत. बेकरीतल्या थोरल्या बाई त्यावर अडून बसायच्या, आणि मला वाटायचं उगाच वेळ जातो. नाशिकला आल्यावर आपल्या मैद्याशी गाठ पडली तेव्हा त्यांचं म्हणणं पटलं. आंबवणाच्या पावाला वास येतो आणि तो एक दिवस जास्त मऊ राहतो.

मग उरलेला मैदा, ग्लुटेन, साखर, मीठ, मसाला आणि राखून ठेवलेलं ३० सोडून उरलेलं दूध घाला. मळायला घ्या. पाच मिनिटांनी लोणी थोडं थोडं. आधी सगळं घसरेल, ओट्याला चिकटेल, वाटेल की बिघडलं. मैदा शिंपडू नका. मळत राहा, आणखी दहा-बारा मिनिटं. शेवटी चिमूटभर पीठ दोन्ही हातांनी हलकेच ताणलं तर फाटण्याआधी पापुद्र्यासारखं पातळ झालं पाहिजे. पुरणपोळीच्या कणकेइतकं सैल नको, पण पोळीच्या कणकेपेक्षा मऊच. कडक वाटलं तर राखलेलं दूध आता घाला. मनुका अगदी शेवटी: पीठ पसरा, मनुका आणि साल वर टाका, गुंडाळा, कापा, एकावर एक ठेवा, दाबा. चार-पाच वेळा केलं की पुरे. मळण्याच्या आधी मनुका घातल्या तर त्या फुटतात, पीठ करडं होतं आणि जाळं तुटतं.

सरळ उभ्या कडांच्या स्टीलच्या डब्यात ठेवा आणि पिठाच्या पातळीला बाहेरून रबर लावा. दुप्पट झालं की झालं, घड्याळ बघू नका. पंचवीस अंशांच्या हवेत सवा तास लागतो. डिसेंबरात इथे नाशिकला दोन-अडीच तासही लागलेत.

आकार देताना लोक चुकतात. बनसारखा उंच गोळा करून ठेवतात. टीकेक चपटा हवा, कारण तो आडवा कापून त्याच्या दोन चकत्या भाजायच्या आहेत. उंच बनची चकती भाजली तर कडा जळतात आणि मध्य गारच राहतो. पिठाचे साधारण ११० ग्रॅमचे दहा उंडे करा, गोल वळून दहा मिनिटं झाकून विसावू द्या. मग पोळपाटावर लाटण्याने हलकेच फिरवून हातभर नव्हे, तळहाताएवढी, म्हणजे दहा सेंटिमीटरची, बोटभर जाड चकती करा. आक्रसली तर आणखी पाच मिनिटं थांबा. आणि आता तुमच्या जळक्या मनुकांचा इलाज: वरच्या पृष्ठभागावर डोकावणारी प्रत्येक मनुका उपटून काढा आणि खालच्या बाजूने आत खुपसा. बेकरीत हे माझं ठरलेलं काम होतं. दीडशे-दोनशे टीकेक, एकेक मनुका. कंटाळवाणं आहे, पण दुसरा मार्ग नाही.

ट्रेवर अंतर ठेवून मांडा, ओलसर पंचा झाका. पाऊण ते एक तास. बोटाने कडेला हलकेच दाबा: खड्डा हळूहळू अर्धवट भरून आला की भट्टीत घाला. झटकन भरला तर अजून वेळ आहे. भरलाच नाही तर उशीर झाला. वरून फक्त दूध पुसा.

ओटीजी दोन्ही दांड्या लावून वीस मिनिटं २०० अंशांवर तापवा. लहान ओटीजीत वरची दांडी पदार्थाच्या अगदी डोक्यावर असते, म्हणून जाळी मधल्याच्या खालच्या खाचेत. एका वेळी पाचच भाजा, दुसरी पाच तोवर फ्रीजमध्ये. चौदा ते सोळा मिनिटं. दहाव्या मिनिटाला वरचा रंग पाहा, चढत असेल तर फॉइल टाका. रंग फिकट बदामी हवा, कडा पांढुरक्याच राहू द्या. दुकानातल्या बनसारखा गडद तपकिरी करण्याचा मोह होतो, पण गडद केलात तर उद्या भाजायला काही उरत नाही. काढल्या काढल्या जाळीवर घेऊन पंच्याखाली झाका, वाफेने वरची कड मऊ पडते. साखरेच्या पाकाचा चकचकीत हात देऊ नका. तो हॉट क्रॉस बनला शोभतो, जो तसाच खातात. टीकेकवर तो उद्या तव्याला चिकटून जळेल. (जाता जाता: याच पिठात मसाला थोडा वाढवून, वर मैद्याच्या लापशीची फुली काढली की गुड फ्रायडेचे हॉट क्रॉस बन झाले. वांद्र्याला आणि गोव्यात त्या आठवड्यात मिळतात ते हेच.)

मग थांबा. एखादा चाखाल, ते मी अडवू शकत नाही. बाकीचे पूर्ण गार करून डब्यात. फ्रीजमध्ये ठेवू नका, थंडीत पाव उलट लवकर शिळा होतो. रात्रीत पावातलं स्टार्च पुन्हा घट्ट होतं, ओल सगळीकडे सारखी पसरते, बेदाण्यांतला रस थोडा आजूबाजूला उतरतो. शिळा पाव भाजल्यावर पुन्हा मऊ होतो तो त्या स्टार्चची घट्ट झालेली घडी उष्णतेने परत सुटते म्हणून. ताज्या, ओल्या पावाला असा भाजला जाण्याचा गुण नसतो. तो वरून कडक होतो, आतून गिजगिजा राहतो. दुकानातले पाकिटातले टीकेक चार-चार दिवस कापसासारखे असतात ते १९६१ मध्ये इंग्लंडमधल्या चॉर्लीवुड इथे निघालेल्या झटपट मळण्याच्या पद्धतीमुळे आणि त्यात घातल्या जाणाऱ्या इमल्सिफायरमुळे, म्हणजे पाणी आणि स्निग्धांश एकजीव ठेवणाऱ्या पदार्थांमुळे. आपला तसा राहणार नाही आणि राहायची गरजही नाही.

भाजणी. दातेरी सुरीने आडवा कापा. उभ्या टोस्टरमध्ये टाकू नका. मनुका खाली गळतात, तारेवर जळतात आणि पुढे आठवडाभर प्रत्येक ब्रेडला तो वास येतो. पूर्वी कोळशाच्या शेगडीसमोर लांब काट्याला टोचून भाजत. आपल्याकडे लोखंडी तवा हेच उत्तम साधन. मध्यम आच, तवा कोरडा, कापलेली बाजू खाली, वरून हलकं दाबायचं. दोन-तीन मिनिटांत तपकिरी जाळी उमटते. उलटून पाठ फक्त गरम करायची. लोणी तव्यावर नाही, खाली उतरवल्यावर. इराण्याच्या बन मस्क्याची सवय असलेल्यांना आधी लोणी लावून परतावंसं वाटतं. तोही प्रकार मला प्रिय आहे, पण त्यात लोणी तळलं जातं, आणि इथे ते विरघळून आत मुरायला हवं. खारं लोणी, भरपूर, कडेपर्यंत. जॅम लावणारे लावतात. मनुका, साल आणि मसाला असताना जॅमची चव कुठे जाते ते मला कधी कळलेलं नाही.

दहा एकदम संपणार नसतील तर आधी कापून, दोन चकत्यांमध्ये बटर पेपर घालून फ्रीजरमध्ये ठेवा. महिनाभर चांगले राहतात, आणि गोठलेलेच तव्यावर टाकता येतात, फक्त आच मंद.

शेवटी तुम्ही विचारलंय, ‘चहा कुठला?’ तिकडे कडक चहा करतात, आसाम आणि केनियाच्या पत्तीचा, किटलीत उकळतं पाणी ओतून चार-पाच मिनिटं मुरवलेला, वर थंड दूध. आपला आलं घालून उकळलेला चहा या मसाल्यावर कुरघोडी करतो. आल्याचाच हवा असेल, आणि ठाण्याच्या पावसात तो हवाच असतो, तर त्या दिवशीच्या पिठात मसाला घालू नका, नुसती संत्र्याची साल ठेवा.